‘व’चं पोट

आज रविवार. खनिजाचे ट्रक नाहीत,
म्हणून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू येतेय.
लाल चिमटा सुरीला, काळा नमद्याच्या बोळ्याला.
उलटं लावलं तर सुरी कोरीच राहते,
ते मी पहिल्याच दिवशी करून पाहिलंय.

बशीत आगरवाड्याचं मीठ, पाण्यात विरघळवलेलं.
हेच मीठ वर्षभर माझी पाती खातं,
खाडीवरून येऊन, न विचारता.
आज त्याला सांगायचंय:
एवढंच खा. इथंच. अक्षरापुरतं.

टेबलावर तीन स्टेन्सिल.

पहिला विनाइलचा,
म्हापशाच्या कास्मिरोनं कापून दिलेला,
ज्या मशीनवर तो स्कूटरचे नंबर कापतो त्याच मशीनवर.
सोलायचा, चिकटवायचा, फेकायचा.
कडा स्वच्छ. पण ‘वामन’ सोलताना
व-चं पोट निसटून जमिनीवर पडलं,
तांदळाच्या कणीएवढं,
आणि म-ची गाठ कुठं गेली ते अजून सापडलेलं नाही.
कास्मिरो म्हणाला, इंग्रजीत घाल, व्हीला पोटच नसतं.
एला असतं, मी म्हटलं.
तो हसला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

दुसरा जाळीचा, बेळगावहून मागवलेला, महाग.
नायलॉनच्या विणीनं अक्षर धरून ठेवलंय:
पोट पडत नाही, गाठ हलत नाही,
धुवून वाळवला तर शेकडो सुऱ्या निघतात म्हणे.
घाई तेवढी चालत नाही.
तीन सेकंद टेकवा, उचला. पुन्हा तीन.
जरा जास्त झालं की पाणी तापतं
आणि नाव कडेकडेनं पसरतं,
भिजलेल्या मिशीसारखं.
मोरजीच्या हॉटेलातला शेफ याच्यावर खूष आहे.
त्याला फोटोत नाव वाचता यायला हवं.

तिसऱ्याला स्टेन्सिल म्हणू की नको?
बायकोच्या नेलपॉलिशचा थर,
त्यात दाभणानं उकरलेली तीन टिंबं.
आजोबांची. दोन वर, एक खाली.
कोयता लाल असतानाच सुंब्यानं ठोकायचे.
कुणी अर्थ विचारला तर म्हणायचे,
अर्थ कसला, खूण आहे. मोडला तर कुठं आणायचा ते कळावं.

काल इनास आला, नवी काती न्यायला.
रेंदेराचा हात, माडाच्या बुंध्यासारखा खाचांचा.
मी कौतुकानं नमुना पुढं केला,
एसीवर काळाभोर उतरलेला, जाळीचा.
त्यानं पाहिलंच नाही. अंगठा फिरवला.
“म्हाका हांगा कांयच लागना.”

मग त्यानं समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं:
तिन्हीसांजेला वर माडावर
हात कमरेमागं जातो, डोळे मडक्यात असतात.
दोन काती असतात. एक बोथट.

म्हणजे काळेपणा नको, खोली हवी.
डीसी. चाळीसदा टेकवणं, चाळीसदा उचलणं,
फुसफुस, करडा फेस, फडकं.
जाळी पंचविसाव्याला झिरपली.
नेलपॉलिश तिशीत पापुद्र्यासारखं सुटलं.
विनाइल टिकलं.
त्यावर मी नावही लावून पाहिलं,
व-चं पोट चिमट्यानं जागेवर ठेवून, श्वास रोखून,
आणि पंखा सुरूच आहे हे विसरून.

टिंबाला पोट नसतं.
कास्मिरोला फोन केला: तीन भोकं, तीन-तीन मिलिमीटर.
एवढ्यासाठी मशीन लावू? म्हणाला.
पंचिंग मशीनच नेली होती त्यानं, चर्चच्या लॉटरीच्या तिकिटांची,
त्यानंच मारून दिली.

आत्ता इनास येऊन गेला.
अंगठा पाठीवरून सरकला, अडला, थांबला.
काही बोलला नाही. काती मागं खोवली.
मग माझा हात धरून मनगट उलटं केलं
आणि नखानं काहीतरी काळं खरवडून काढलं,
माझ्या तळहातावर ठेवलं.

म-ची गाठ.
कालपासून तिथंच चिकटलेली.